कोंडखारची शीव

चाकणच्या ज्या कंपनीत धम्मरत्न कोंडखारकर बावीस वर्षं नोकरी करत होता, तिथे गाड्यांचे ब्रॅकेट बनत. धम्मरत्न ब्रॅकेट बनवत नसे. तो ब्रॅकेटची ड्रॉइंग सांभाळत असे. म्हणजे खरं सांगायचं तर जुनी ड्रॉइंग फाडत असे. एखाद्या भागाची नवी आवृत्ती आली, की शॉपफ्लोअरवर फिरून जुन्या आवृत्तीचा कागद न् कागद गोळा करायचा, यादीवर खूण करायची आणि सगळं श्रेडरमध्ये घालायचं. एक प्रत तेवढी ‘रद्द’ असा लाल शिक्का मारून कपाटात कुलपाखाली ठेवायची, कारण ऑडिटवाले ती मागतात. बाकी जुन्याचा मागमूस राहता कामा नये.

हा कडकपणा उगाच आलेला नव्हता. फार पूर्वी एका मशीनवर जुनं ड्रॉइंग चुकून राहिलं आणि चारशे ब्रॅकेट भंगारात गेले. साहेबाने सगळ्यांदेखत धम्मरत्नची जी खरडपट्टी काढली, ती तो अजून विसरलेला नाही. तेव्हापासून जुना कागद दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. कंपनीतली पोरं म्हणायची, “कोंडखारकर भाऊ, तुम्हाला लग्नपत्रिका द्यायची भीती वाटते राव. तारीख उलटली की फाडाल.” धम्मरत्न हसायचा. आतून त्याला ते कौतुकच वाटायचं.

तर या माणसाला जुलैच्या एका सकाळी, कँटीनमध्ये पोहे खाताना, मुलीचा फोन आला.

“पप्पा, पडताळणीच्या अर्जात त्रुटी निघाली,” मिनल म्हणाली.

मिनलला आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनीअरिंगची जागा मिळाली होती, राखीव कोट्यातून. जागा तात्पुरती होती. जातपडताळणीचं प्रमाणपत्र तीन आठवड्यांत दिलं तर पक्की, नाही तर ती खुल्या यादीत जाणार. आणि खुल्या यादीत तिच्या मार्कांना कुठे काही लागत नव्हतं. पोरीने दोन वर्षं रावेतच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन अभ्यास केला होता. धम्मरत्नने पोहे तसेच ठेवले आणि अर्धा दिवस रजा टाकली.

पडताळणी समितीच्या कार्यालयातला कारकून सभ्य माणूस होता. त्याने फाइल उघडून एकेक कागद पत्ते मांडावेत तसा मांडला.

“हा तुमच्या वडिलांचा शाळेचा दाखला. खंडू लक्ष्मण. एक्कावन्न सालचा, जिल्हा कुलाबा. हा तुमचा जातीचा दाखला, जिल्हा रायगड. आता कुलाबा म्हणजेच रायगड, एक्याऐंशीला नाव बदललं, ते आम्हाला माहीत आहे. तो प्रश्न नाही. प्रश्न असा, की नियमाने लागतो तो पन्नास सालच्या ऑगस्टच्या आधीचा एकही कागद नाही. तेव्हा तुमचं गाव कुठे होतं?”

“तिथेच होतं की,” धम्मरत्न म्हणाला.

“गाव तिथेच असतं हो. हद्द कुणाची होती ते विचारतोय. तुमचा तो पट्टा बहुतेक जंजिरा संस्थानात होता. अठ्ठेचाळीसपर्यंत नबाबाचं राज्य. म्हणजे जुना कागद असला तर त्याच्यावर कुलाबा नसणार, रायगड तर नसणारच. संस्थानाचा शिक्का असणार. असं काही आहे का घरात? एक कागद आणा, पुष्कळ झाला.”

असा कागद घरात होता. म्हणजे होता, तेव्हा होता.

वडील गेले त्या वर्षी त्याने त्यांची पत्र्याची ट्रंक आवरायला काढली होती. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक पिवळट कागद निघाला. मोडी अक्षर, खाली निळसर अंगठा, आणि गोल शिक्क्यात तेवढं देवनागरीत ‘संस्थान जंजिरा’. लहानपणी एकदा त्याने तो हातात घेतला होता, तर खंडूने, म्हणजे वडिलांनी, त्याच्या हातून काढून घेतला होता. “ठेव तिथं. तुज्या कामाचा न्हाय.” पुढे कुणाकडून तरी त्याच्या कानावर आलं, की तो पणजोबाच्या महारकीच्या कामाचा कागद आहे, शिवेचा कसलासा. मग पोराने आपल्यापुरता हिशेब लावला. बापाने बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, पिंपरीला येऊन कंपनीत लागला. त्याला त्या जुन्या ओझ्याची लाज वाटत असणार. लाजेचा कागद कोण दाखवील?

त्याच आठवड्यात रायगडचा नवा दाखला हातात आला होता. कोरा करकरीत, बारकोड असलेला. धम्मरत्नने तो लॅमिनेट केला. आणि जुना कागद कंपनीत नेऊन श्रेडरमध्ये घातला. आता जंजिरा संस्थान कुठे आहे? कुलाबा तरी कुठे आहे? नवी आवृत्ती आली की जुनी रद्द. तीन सेकंद लागले. कपाटात ठेवायच्या एका प्रतीचा नियम घरच्या कागदाला लावावा, हे काही त्याला सुचलं नाही.

घरी ही गोष्ट त्याने कधीच सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. आता सांगायची हिंमत होईना.

रविवारी सगळं घर ट्रंकेभोवती बसलं. बायको रुपालीने एकेक कागद झटकून बाजूला ठेवला. मिनलने ट्रंकेचा तळ मोबाइलच्या उजेडात पाहिला. आणि धम्मरत्नची आई, चिमाबाई, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, पलंगावर पाय सोडून बसून हुकूम सोडत होती.

“मेनकापडात बघा. मेनकापडात व्हता. तुज्या बानं सवताच्या हातानं गुंडाळला व्हता.”

मेणकापड सापडलं. रिकामं होतं.

“म्हंजी बाहीर पडला आसंल कुठं तरी. परत बघा.”

परत बघितलं. धम्मरत्नही बघत होता. जो कागद आपणच फाडला तो गादीखाली, देवघर काढून टाकलेल्या कोनाड्यात, गॅसच्या पुस्तकात शोधत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. याच्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. तिसऱ्यांदा ट्रंक उपसताना तो म्हणाला, “उंदरांनी नेला असेल.” चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर! रुपालीने त्याच्याकडे पाहिलं.

“पण आजी, होतं काय त्या कागदात?” मिनलने विचारलं.

“तुज्या आज्याच्या आज्याचा कागद त्यो. धर्मा नाव त्याचं. आमचं कोंडखार हबसानात. नबाबाचा मुलूख, त्याला हबसान म्हनत. आन् वढ्याच्या पल्याड निवेखोल, त्ये इंग्रजाचं. दोन गावांची शीव म्हंजी दोन राज्यांची शीव. तिच्यावरनं लागली भांडनं. मंग दोनी बाजूंचं सायेब आलं आन् म्हनलं, शीव चालून दावा.”

“म्हणजे खापरपणजोबा सर्व्हेअर होते?”

“सर्वेअर कसला गं, म्हार व्हता. गावाची शीव म्हाराला ठावं. पाटील सुदीक त्यालाच इचारायचा. ज्याच्या हातचं पानी चालत न्हवतं, त्याचा शबूद शिवंला चालायचा.” चिमाबाईने कमरेची चंची काढली. “डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आन् चालायचं. जितनं तो चालंल ती शीव. खोटं चालला तर वंश बुडायचा, आशी आन.”

“मग?”

“मंग काय. चालला.” एवढं बोलून म्हातारी सुपारी कातरायला लागली, आणि मिनलने आणखी दोनदा विचारलं तरी पुढे सरकली नाही.

सोमवारी सकाळी धम्मरत्नने मोटरसायकल काढली आणि ताम्हिणी घाटाने कोकणात उतरला. मनातल्या मनात त्याने स्वतःला चार शिव्या घातल्या, मुळशीपर्यंत त्या पुरल्या. पुढे घाटात गाडी सांभाळायची होती.

तालुक्याच्या कचेरीत दुपारपर्यंत बसून जे कळलं ते एवढंच, की संस्थान विलीन झालं तेव्हा दप्तरं इथून तिथे गेली, तिथून आणखी कुठे गेली, आणि या कपाटांत कोंडखारचा जुना गठ्ठा नाही. कागदांनाही माणसांसारखी बदली होते. तिथल्या माणसाने यादी तीनदा पाहून दिली, याहून त्याने तरी काय करावं?

धम्मरत्न गावात गेला. कोंडखारला बौद्धवाडीत त्याच्या चुलतभावाचा मुलगा कुलदीप राहतो. बारा घरांतली पाच उघडी, बाकीच्यांना कुलूप, सगळे मुंबईला नाही तर पुण्याकडे. कुलदीपकडेही कागद नव्हता. त्याने काकाला ओटीवर बसवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. गार, गोड पाणी.

“बोअरिंगचं?”

“न्हाय काका. आपल्या झऱ्याचं. उन्हाळ्यात आख्खं गाव टँकरची वाट बघतं, आपल्या वाडीला कधी लागला न्हाय.”

धम्मरत्नने आणखी एक तांब्या मागितला. ओटीवरून ओढा दिसत होता आणि ओढ्यापलीकडे निवेखोलची कौलं. त्या कौलांकडे बघत बघत तो आपल्या कामाचं बोलणं स्वतःशीच बोलायला लागला. ब्रॅकेटची जी कड दुसऱ्या भागाला टेकते, ती कड दोन्ही भागांच्या ड्रॉइंगवर असते. कड बदलली की दोन्ही ड्रॉइंग बदलावी लागतात, दोन्हीकडे नोंद करावी लागते. ब्रॅकेटचं ड्रॉइंग मी फाडलं तरी जोडीदार भागाचं ड्रॉइंग दुसऱ्या कपाटात असतं. शीव एका गावाची कुठे असते?

तो पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठला, आणि कुलदीपला वाटलं काकाला काही चावलं.

पलीकडच्या, निवेखोलच्या तालुक्याच्या कचेरीत तो मंगळवारी दार उघडायच्या आधी हजर होता. अभिलेखांच्या खोलीत विजयश्री नावाची बाई होती, पस्तिशीची, मोडीची परीक्षा पास झालेली, आणि ती परीक्षा पास होऊन कुणी आपल्याला काही वाचायला सांगत नाही याचं तिला दुःख होतं. धम्मरत्नने कोंडखारचं नाव घेतलं नाही. “निवेखोलचा शिवेचा तंटा,” तो म्हणाला. “संस्थानाच्या बाजूने.” बाईचे डोळे चमकले. तासाभराने ती लाल फडक्यातला गठ्ठा घेऊन आली. वर लिहिलं होतं, मौजे निवेखोल व कोंडखार यांचे शिवेबाबत, सन १९३४.

ती बोट ठेवून वाचू लागली. “सदरहू धर्मा बिन रायनाक, वतनदार महार, मौजे कोंडखार, संस्थान जंजिरा, याने डोईवर शिवेचे मातीचे ढेकूळ घेऊन, खोटे चालल्यास माझा वंश बुडेल असे पंचांसमक्ष बोलून, शीव चालून दाखविली. मागे त्याचा मुलगा लक्ष्या खुंट्या मारीत गेला.”

लक्ष्या. खंडू लक्ष्मणमधला लक्ष्मण. धम्मरत्नला एकदम रडू आलं. आजोबाला कुणी असं अर्धवट नावाने हाक मारावी याचा राग आला, आणि त्याच अर्धवट नावाने आपल्या पोरीची जागा वाचणार होती, याचा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी आलं, त्यामुळे त्याने नुसतं नाक पुसलं.

“पुढे हरकत आहे,” विजयश्री म्हणाली. “निवेखोलवाल्यांची. शीव ओढ्याच्या काठाने सरळ येते ती झऱ्यापाशी ओढा ओलांडून चाळीस हात आमच्या रानात शिरली आणि झऱ्याला वळसा घालून परत ओढ्याला लागली, ही आमच्या माहितीतली शीव नव्हे. असं म्हणतायत. आणि खाली साहेबाचा हुकूम: शपथपूर्वक चाललेली शीव कायम.”

तिने गावाचा नकाशा पसरला. जुना, मग त्यानंतरचा, मग आत्ताचा छापील. एकावर जंजिरा संस्थान, एकावर कुलाबा, एकावर रायगड. रंग बदललेले, अक्षरं बदललेली, तालुके इकडचे तिकडे झालेले. पण ओढ्याच्या काठाने सुतासारखी येणारी रेघ तिन्ही नकाशांवर एकाच जागी बाहेर फुगली होती, पोट आल्यासारखी.

“हे बघा,” विजयश्री म्हणाली. “नव्वद वर्षांत नावं किती बदलली, हे पोट काही कमी झालं नाही.”

धम्मरत्न त्या वळणाकडे बघत राहिला. बावीस वर्षं ड्रॉइंग हाताळणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळते: सरळ कडेला कुणी विनाकारण वळण काढत नाही. पण नक्कल मिळायची घाई होती. त्याने अर्ज लिहिला, आणि दुपारी शिक्का मारलेली नक्कल पिशवीत घालून घाट चढायला लागला.

घरी आल्यावर नक्कल आईच्या मांडीवर ठेवली. रुपाली चहा टाकायला गेली होती, ती गॅस तसाच सोडून बाहेर आली. चिमाबाईला मोडी काय, देवनागरीही वाचता येत नव्हती. तिने अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवला.

“ह्योच. पर ह्यो काळा हाय. आपला निळा व्हता.”

“ही नक्कल आहे आजी,” मिनल म्हणाली. “आपला सापडला नाही ना.”

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. काम झालं होतं. पण पोरगी ‘सापडला नाही’ म्हणाली ते धम्मरत्नला सहन झालं नाही. रविवारभर ती गुडघ्यांवर बसून ट्रंक उपसत होती.

“सापडणारच नव्हता,” तो म्हणाला. “मीच फाडला. बाबा गेले त्या वर्षी. कंपनीत नेऊन श्रेडरमध्ये घातला.”

स्वयंपाकघरात चहा उतू गेला, तो वासावरून कळला.

“पप्पा, तुम्ही आमच्याबरोबर शोधत होता,” मिनल म्हणाली. एवढंच. तिने आवाजही चढवला नाही. साहेबाने चारशे ब्रॅकेटांवरून काढली होती त्याहून ही जास्त लागली.

“चुकलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाबांना त्याची लाज वाटायची. त्यांनी कधी दाखवला नाही, वाचू दिला नाही. म्हटलं, त्यांना टाकवत नव्हतं, आपण टाकू.”

चिमाबाईने अंगठा उचलला नाही. “लाज?” ती म्हणाली. “तुजा बा लाजत न्हवता रं. भीत व्हता.”

“कशाला?”

म्हातारीने आधी दाराकडे बघितलं. नव्वद वर्षांनी, घाटाच्या या बाजूला, रावेतच्या चौथ्या मजल्यावर, कोण ऐकणार होतं कुणास ठाऊक. पण बघितलं.

“धर्मा खोटं चालला,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. झरा निवेखोलच्या हद्दीत होता. पहिल्यापासून. कोंडखारच्या विहिरीला हात लावायची महारवाड्याला बंदी. ओढा उन्हाळ्यात आटायचा. आणि झऱ्यावर गेलं की निवेखोलवाले काठ्या घेऊन यायचे. धर्माची एक लेक त्यातच गेली, घागर घेऊन पळताना कड्यावरून. त्यानंतर दोनच महिन्यांनी साहेब आले आणि म्हणाले, शीव चालून दाखव. धर्मा आंघोळ करून आला. डोक्यावर ढेकूळ घेतलं. ओढ्याच्या काठाने खरा चालत आला, झऱ्यापाशी आला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओढा ओलांडून, झऱ्याला वळसा घालून, परत काठाला लागला. मान हलली नाही. ढेकूळ पडलं नाही.

“मी नवी सून. पयल्यांदा झऱ्यावर गेले तवा मामंजींनी, लक्ष्मनानं, खुंटीची जागा दावली. म्हनलं, बाय, हितं माज्या हातनं खुंटी मारली हाय. बानं पुढं बघून सांगितलं, मार. मी मारली. आता गप पानी भरायचं आन् कुनाला बोलायचं न्हाय.” तिने कागदावरचा हात काढला. “तुज्या बानं कागद फाडला आसता तर शिवंचा पुरावा गेला आसता. दावला आसता तर कुनीतरी हरकत वाचली आसती, मोजनी मागितली आसती. म्हनून ठेवला ट्रंकंत. फाडायचा बी न्हाय, दावायचा बी न्हाय.”

“पण आजी, शपथ घेतली होती ना त्यांनी?” मिनलने विचारलं. “वंश बुडेल म्हणून.”

“घेतली व्हती की. तहानेनं तसाबी बुडतच व्हता.”

धम्मरत्नने तोंडावरून हात फिरवला. कुलदीपच्या ओटीवर त्याने तांब्याभर पाणी पिऊन आणखी मागितलं होतं. चुलतभावाच्या घरचं पाणी, झालं, एवढाच विचार तेव्हा त्याच्या मनात होता. ज्या कागदाला त्याने तीन सेकंद दिले, तो बापाने चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. त्याला बापाची माफी मागावीशी वाटली, आणि आता ती मागायला माणूस नव्हता.

शुक्रवारी तो मिनलला घेऊन समितीच्या कार्यालयात गेला. कारकुनाने नक्कल दोनदा वाचली, वंशावळीशी नावं जुळवली, आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

“उत्तम कागद आणलात. चौतीस साल! असा फार कमी लोकांकडे असतो. आता फक्त एक प्रतिज्ञापत्र लागेल. मंगळवारी प्रमाणपत्र देऊन टाकतो.”

छापील नमुना त्याने स्वतःच भरून दिला. जंजिरा संस्थान, कुलाबा जिल्हा व रायगड जिल्हा येथील मौजे कोंडखार हे एकच गाव असून. ते ठीक. सदर धर्मा बिन रायनाक हे अर्जदाराचे पूर्वज असून. तेही ठीक. आणि शेवटी, सोबत जोडलेल्या दस्तातील संपूर्ण मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर असून, तो खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

धम्मरत्न त्या ओळीपाशी थांबला. बावीस वर्षांत त्याने जे बरोबर नाही त्याच्यावर सही केली नव्हती. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी त्याने मोठमोठ्या साहेबांशी वाद घातले होते. त्याच्या माहितीप्रमाणे, अगदी त्याच्या माहितीप्रमाणे, ओढा सोडून चाळीस हात पलीकडे गेलेली ती रेघ खोटी होती. माहिती मंगळवारच्या संध्याकाळीच झाली होती.

शेजारच्या खुर्चीत मिनल बसली होती. ज्याचा वंश बुडणार होता त्याची खापरपणती मोबाइलवर कॉलेजचं वेळापत्रक बघत होती.

“वाचलंत ना सगळं?” कारकुनाने विचारलं. “नंतर तक्रार नको. मजकूर खरा आहे ना?”

कचेरीत, कंपनीत, साहेबांपुढे धम्मरत्न नेहमी पुण्याचं स्वच्छ मराठी बोलत असे. आईची बोली त्याने उंबऱ्याच्या आत ठेवली होती. पण त्या दिवशी तोंडातून तीच निघाली.

“व्हय,” तो म्हणाला, आणि मान न हलवता सही केली.